शिल्डाआधीची चार नावं

उस्मानाबादेत येऊन मला वर्ष झालं होतं आणि गावात माझी ओळख एवढीच होती, की चारपैकी चारही नावं चुकवणारा कारकून तो हाच.

हे चार नावांचं प्रकरण आधी सांगायला हवं. त्या गावाला व्हॉलीबॉलचं वेड होतं. निजामाच्या अमदानीपासून तिथं एका शिल्डासाठी सामने होत. त्यात सोळा संघ असत, पण सगळेच काही उस्मानाबादेत येत नसत. दिवाळीनंतर चार गावी चार गट खेळत, एकेका गटातून एकच संघ वर निघे, आणि हे उरलेले चार संक्रांतीच्या सुमाराला आमच्याकडे येऊन शिल्डाचा निकाल लावत. मी आलो तेव्हा नुकते भाषावार प्रांत झाले होते. हैदराबाद आंध्रात गेलं, बिदर-गुलबर्गा म्हैसुरात गेले, आम्ही मुंबई राज्यात आलो. पण ही वाटणी शिल्डाला कुणी कळवली नव्हती, त्यामुळं जुने सगळे संघ पूर्वीसारखेच खेळत होते.

दिवाळीच्या पाडव्याला बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला जाई. शेवटच्या चारांत कोण येणार त्यांची नावं चिठ्ठीवर लिहायची, खाली आपलं नाव घालायचं आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. सामने सुरू व्हायच्या आधी हॉटेलवाला डब्याच्या झाकणावर लाख ओतून तो वरच्या फळीवर ठेवून देई. चार संघ ठरले की डबा फुटे, तेरखेड्यात बनलेल्या फटाक्याचा एक दणदणीत बार उडे आणि चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या जात. ज्याची चारही नावं बरोबर, त्याला शेवटच्या सामन्याला नेटच्या खांबाशेजारी खुर्ची मिळे आणि गुणांचा फळा त्याच्या ताब्यात येई. बक्षीस एवढंच. पण त्या खुर्चीवर बसलेला माणूस पुढं वर्षभर गावात रुबाबात फिरे. यात एक रिवाज फार कडक होता. डबा फुटेपर्यंत कुणी आपला अंदाज सांगायचा नाही, आणि कुठल्या संघात कोण आहे, कोण फॉर्मात आहे, यावर चकार शब्द काढायचा नाही. जो बोलेल तो दुसऱ्याला चकवतोय असं धरलं जाई. त्यामुळं ऐन हंगामात हॉटेलात व्हॉलीबॉल सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा चालत.

पहिल्या वर्षी मीही चिठ्ठी टाकली. कुणाला ओळखत नव्हतो, निदान यानं चार माणसं ओळखतील असं वाटलं. माझी चिठ्ठी वाचली गेली आणि हॉटेलवाला म्हणाला, "साहेब, ही नावं यष्टीच्या पाटीवरून उतरून घेतली काय?" सगळं हॉटेल हसलं. खरं सांगायचं तर मी तसंच केलं होतं. पण मला हसलेलं सहन होत नाही. लहानपणापासून होत नाही. मी चहा अर्धा टाकून उठलो आणि पुढचे कित्येक महिने त्या हॉटेलात पाऊल टाकलं नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. कचेरीतले उर्दू कागद मराठीत आणायचे म्हणून आम्हा काही जणांना इकडं पाठवलं होतं. मला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. जुने कारकून वाचून अर्थ सांगत आणि मी मराठीत लिहून घेई. आपली जागा खायला हा आलाय अशा नजरेनं ते माझ्याकडं बघत. मी त्यांच्याकडं कसा बघत होतो ते आता आठवतं तेव्हा लाज वाटते. मला वाटे, यांचे दिवस भरले. चोविशीतल्या माणसाला असलं काही वाटायला वेळ लागत नाही. दुपारी सगळे एकत्र डबे सोडत, मी खिडकीकडं तोंड करून खाई. रविवारी तर असं व्हायचं, की संध्याकाळी कंदील लावताना स्वतःशी काहीतरी पुटपुटायचो आणि मग लक्षात यायचं, आज दिवसभरात आपण पहिल्यांदाच तोंड उघडलं.

मी राहत होतो ती खोली एका मुसलमान विधवेच्या घराची पुढची खोली होती. तिचा नवरा कचेरीत मुन्शी होता, मी यायच्या आदल्याच वर्षी गेलेला. ती साठीची असेल. मी कधी तिला नीट पाहिलं नाही, कारण ती पडदा पाळे. माझ्या खोलीतून आत जाणाऱ्या दाराला निळा जाड पडदा होता. त्याच्याखालून मला तिच्या चपला दिसत, कधी पडद्याच्या कडेनं कपबशी पुढं करणारा हात दिसे. पहिले सहा महिने मी तो चहासुद्धा घेतला नव्हता. घरी कळलं तर काय म्हणतील, म्हणून. नंतर एकदा तापानं पडलो होतो तेव्हा घेतला, आणि मग घेतच राहिलो.

मुन्शींनी हैदराबादचा उर्दू पेपर लावलेला होता. तो एक दिवस शिळा होऊन बसनं यायचा. नवरा गेला तरी तिनं पेपर बंद केला नव्हता. रोज सांजेच्या मगरिब नमाजाआधी ती तो मोठ्यानं वाचे, स्वतःलाच. मला त्याचा त्रास व्हायचा. मी वही आपटून, खोकून तो कळवतही असे. दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याच्या आसपास असाच कपाळाला आठ्या घालून बसलो होतो, आणि त्या वाचण्यात एकदम 'व्हॉलीबॉल' ऐकू आलं. मागोमाग आकडे आले, पंधरा-अकरा, पंधरा-आठ. मी उठून पडद्याशी गेलो.

"खाला," मी म्हणालो, "ते व्हॉलीबॉलचं जरा परत वाचता का?"

खाला म्हणजे मावशी; मी तिला पहिल्यांदाच काहीतरी म्हणून हाक मारली होती. आत पेपराचा आवाज थांबला.

"तुला खेळातलं कळतं व्हय रे बेटा?" ती म्हणाली.

"कळून घ्यायचंय," मी म्हणालो. आणि मग का कोण जाणे, हॉटेलात कसे हसले ते सगळं मी त्या पडद्याला सांगून टाकलं. आतून हसण्याचा आवाज आला, पण ते हसणं मला लागलं नाही.

शिल्डाआधी महिना-दीड महिना हे संघ एकमेकांशी दोस्तीचे सामने खेळत. त्यांच्या बातम्या फक्त त्या हैदराबादच्या पेपरात येत. गावातले उर्दू वाचणारे लोक त्या वाचून आपापली चिठ्ठी ठरवत आणि रिवाजाप्रमाणं गप्प बसत. मला तो पेपर शेजारीच होता आणि वाचणारी बाई होती. कचेरीतल्या कुणाला मी वाचून दाखवा म्हणालो असतो, तर एखादा तयार झालाही असता. पण तेवढं नमायची माझी तयारी नव्हती. मी एक दोनशे पानी वही आणली, प्रत्येक संघाला पानं नेमून दिली आणि रोज कचेरीतून आलो की पडद्याजवळ स्टूल ओढून बसू लागलो.

ती आधी उर्दूत वाचे, मग मला मराठीत सांगे. कोण जिंकलं, किती गेम झाले, सर्व्हिस कुणाची चालली, नेटवर कोण उंच होतं. मी भराभर मांडत जाई. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी हैदराबादच्या एका कारखान्याच्या संघाची बातमी आली. हा संघ म्हणजे त्या सोळांतल्या पक्क्या संघांपैकी एक. त्यांचे खेळाडू खेळासाठीच नोकरीवर ठेवलेले, सकाळी हजेरी लावायची आणि दिवसभर चेंडू मारायचा. खेळायचा पगार मिळतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. खाला त्या संघातली नावं वाचत होती, आणि एका नावापाशी तिचा आवाज बदलला.

"ह्यो आपला," ती म्हणाली.

"आपला म्हणजे?"

"माझा मुलगा."

मग हळूहळू, पाच-सहा संध्याकाळींत मिळून, मला ते कळलं. एकुलता एक. डावरा. अंगणातल्या भिंतीवर सर्व्हिस मारून मारून त्यानं गिलावा पाडला होता, ती जागा मी रोज हात धुताना बघत होतो. बापाला वाटे, यानं मुख्तारीची, खालच्या वकिलीची, परीक्षा द्यावी. पोरगा म्हणे, मी खेळणार. एक दिवस दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि तो कारखान्यात निघून गेला. जाताना म्हणाला, आता या गावात आलो तर टीमबरोबर येईन, चेंडू हातात घेऊन येईन, एरवी येणार नाही. बाप गेला तेव्हाही आला नव्हता. आणि त्याचा संघ शेवटच्या चारांत कधी आला नव्हता. त्यांच्या गटात सोलापूरच्या एका गिरणीचा संघ होता, तो दर वर्षी त्यांना अडवायचा.

"ह्या वर्षी येतील का रे?" तिनं विचारलं. "तू हिसाब मांडतोस. तुला काय वाटतं?"

तुला काय वाटतं. त्या गावात वर्षभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. कचेरीत माझ्या वाटण्याला कुणी विचारत नसे, घरून येणाऱ्या पत्रात पावसापाण्याची आणि लग्नाची चौकशी असे. मी वही उघडली, पानं उलटली, घसा साफ केला आणि जज्जानं निकाल द्यावा तसा म्हणालो, "अजून सांगता येत नाही. गिरणी वरचढ आहे."

आत कपात चमचा फिरत होता, तो थांबला. मी माझ्या प्रामाणिकपणावर खूश होतो. आकडा तो आकडा, माणूस बघून तो बदलत नसतो, अशी तेव्हा माझी समजूत होती.

पण त्या दिवसापासून मी रोज पहिलं विचारी, "खाला, आज तो कसा खेळला?" आणि ती सांगे. आज त्यानं ओळीनं चार सर्व्हिस मारल्या, समोरच्याला उचलताच आल्या नाहीत. आज पायात गोळा आला होता म्हणून एक गेम बाहेर बसला. आज त्याचा स्मॅश लायनीवर पडला आणि पंचानं बाहेर दिला, तर हा हसला फक्त, भांडला नाही. "आधीचा असता तर भांडला असता," ती म्हणे. "आता शहाणा झालाय." मी वहीत त्याच्यासाठी एक वेगळं पान केलं. बाकी कुठल्याच खेळाडूला माझ्या वहीत स्वतःचं पान नव्हतं.

मला भाऊ नाही. त्या तीन आठवड्यांत मी तो माणूस मनात पुरता उभा केला होता. उंच, भुवईवर खोक पडलेली, लहानपणी आडाच्या कठड्यावर आपटल्याची. तो आला की पुढच्या खोलीतच, माझ्या खाटेशेजारी झोपेल, हे मी धरून चाललो होतो. कोपऱ्यातली माझी ट्रंक कुठं सरकवायची तेही ठरवलं होतं. मी त्याला वही दाखवणार होतो. 'तुझ्या सर्व्हिसचा इतका हिशोब तुझ्या मॅनेजरकडंही नसेल' असं म्हणणार होतो. हे सगळं बोलणं मी रस्त्यानं जाताना मनात घोळवत असे, आणि एकदा तर कचेरीच्या दारात हसलो म्हणून शिपायानं मागं वळून बघितलं.

पाडवा जवळ आला. चारांपैकी तीन नावं माझ्या वहीनं कधीच ठरवून दिली होती, त्यांत फारसा घोळ नव्हता. अडलं होतं ते चौथ्यावर. कारखाना का गिरणी? मी दोघांचे सगळे सामने समोरासमोर मांडले. त्याचं पान बाजूला ठेवलं तर गिरणी पुढं होती. त्याचं पान धरलं तर कारखाना थोडा वर येत होता. तेवढ्यात पाडव्याच्या चार दिवस आधी खालानं बातमी वाचली, की दोस्तीच्या सामन्यात कारखान्यानं गिरणीला तीन गेममध्ये हरवलं. शेवटच्या गेमला त्यानं एकट्यानं सात सर्व्हिस काढल्या.

"सात?" मी म्हणालो. "ओळीनं?"

"ओळीनं," ती म्हणाली. "आता काय वाटतं?"

"येतील," मी म्हणालो.

पडद्याखाली चपला एक पाऊल पुढं सरकल्या. मग ती म्हणाली, "अजून एक बार बोल."

"येतील, खाला. तो येईल."

मी चिठ्ठी टाकली. हॉटेलात नऊ-दहा महिन्यांनी पाय ठेवला होता. हॉटेलवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि चहा पुढं केला. गटांचे सामने सुरू झाले. रोज संध्याकाळी स्टूल, पडदा आणि वाचन चालू होतं. कारखाना जिंकत गेला. पौषात त्यांचा आणि गिरणीचा सामना झाला आणि ती बातमी जेव्हा खालानं वाचली, तेव्हा मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो. कारखाना गट जिंकला होता. दोन दिवसांनी डबा फुटला. बार उडाला. माझी चिठ्ठी वाचून झाल्यावर कचेरीतले जुने मोठे कारकून, ज्यांच्याशी मी वर्षभर कामापुरतंच बोललो होतो, ते उठले आणि त्यांनी माझ्या पाठीत एक धपका मारला. "अरे, ह्याला दिसतंय की!" ते म्हणाले. मला आनंदानं रडू येईल की काय असं झालं.

मी पळतच घरी आलो. "खाला, चारीच्या चारी! येतायत! शुक्रवारी दुपारच्या बसनं!"

"हां," ती म्हणाली. "कळलं."

एवढंच. मला वाटलं, तिला भरून आलंय. मी म्हणालो, "मी जातो स्टँडवर. त्याला घेऊनच येतो."

"नको जाऊस बेटा."

"का?"

"तो येईल त्याच्या मनानं. तू नको जाऊस."

मला वाटलं, मुलगा इतक्या वर्षांनी येणार, त्याच्यावर कुणी माणूस पाठवला असं त्याला वाटू नये, म्हणून म्हणत असेल. पण मी ऐकणारा नव्हतो. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, दाढी केली आणि स्टँडवर जाऊन उभा राहिलो. शेजारी हॉटेलवालाही आला होता. नळदुर्गाकडून बस आली. खेळाडू उतरू लागले, निळ्या स्वेटरमधले, हातात पिशव्या. मी प्रत्येकाची भुवई बघत होतो. प्रत्येक जण उजव्या हातानं दांडा धरून उतरत होता. सगळे उतरले, बस रिकामी झाली, कंडक्टरनं दार ओढलं. मी त्यांच्या मॅनेजरला गाठून खालाच्या मुलाचं नाव घेतलं.

"वो?" मॅनेजर म्हणाला. "उसको तो तीन साल होगए. नौकरी छोड के चला गया. कोई बसरा बोलते, कोई कराची बोलते. हमकू पता नै." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "अम्मा को तो उसी वक्त हमने खत डाला था. क्यों, मिला नै?"

मी म्हणालो, "पण सर्व्हिस? गिरणीवर सात सर्व्हिस?"

"वो तो ये बिदरवाला," तो म्हणाला, आणि त्यानं एका उंच, काळ्यासावळ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगा माझ्याकडं बघून ओळख नसताना हसला.

हॉटेलवाला हळूच म्हणाला, "तुमी त्याच घरात राहता. आमाला वाटलं, तुमाला ठावं हाय. गावात सगळ्यास्नी ठावं हाय. म्हणून तर कुणी त्या म्हातारीपुढं त्याचं नाव काढत न्हाय."

मी घरी चालत आलो. जवळचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं आलो आणि चालता चालता माझा राग वाढत गेला. दुःख झालं म्हणावं तर ते नव्हतं, मला राग आला होता. तीन महिने मी एका बाईच्या कल्पनेवर वही भरत होतो. माझं चौथं नाव बरोबर निघालं ते आंधळ्यानं दगड मारावा तसं निघालं होतं. ज्या एका गोष्टीबद्दल गावानं माझ्या पाठीवर हात ठेवला होता ती गोष्टच खोटी होती. मी खोलीत आलो, वहाणा काढल्या. पडद्याखाली तिच्या चपला दिसत होत्या. ती दाराशीच उभी होती.

"आली टीम?" तिनं विचारलं.

"आली."

ती म्हणाली, "कसा दिसतो रे? वाळलाय का?"

आज मला त्या प्रश्नाचा अर्थ कळतो. मी स्टँडवर गेलो, तिथं मला सगळं कळलं असणार, हे तिला ठाऊक होतं. तरीही तिनं विचारलं. इतके दिवस ती मला वाचून दाखवत होती, आता मी तिला थोडं वाचून दाखवावं, एवढंच ती मागत होती. वाळलाय थोडा, पण रंगानं उजळलाय, एवढी दोन वाक्यं लागली असती. माझ्यापाशी तर त्याचं अख्खं पान होतं.

मी म्हणालो, "खाला, तुम्ही मला इतके दिवस खोटं वाचून दाखवलंत."

चपला एक पाऊल मागं सरकल्या.

"न्हाय बेटा," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "हार-जीत सगळी खरी वाचली. एक आकडा बदलला न्हाय. दुसऱ्याच्या जागी त्याला उभा केला फक्त."

"पण का?"

"तू विचारायचास. रोज येऊन विचारायचास, आज तो कसा खेळला. ह्या घरात लई दिवसांत कुणी विचारलं न्हवतं."

"मग मला खरं सांगायचं होतं."

"खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू काय विचारलं असतंस?"

मी आणखी चिडलो. मी म्हणालो, "मला खोटे आकडे चालत नाहीत." मी वही उघडली, त्याचं पान टरकन फाडलं. तो आवाज आत गेलाच असणार. तो जावा म्हणूनच मी इतक्या जोरात फाडलं होतं.

शेवटच्या सामन्याला मी खुर्चीवर बसलो. ग्राउंड माणसांनी फुललं होतं. लोक येता-जाता मला हाक मारत होते, कुणी शेंगा आणून दिल्या, मोठे कारकून माझ्या मागं उभे राहून म्हणत होते, "पुढच्या वर्षी आमाला आधी सांगा बरं का." वर्षभर जे हवं होतं ते सगळं मला त्या एका दुपारी मिळालं. मी गुण मांडत होतो. बिदरवाला सर्व्हिसला आला, की माझी नजर नकळत त्याच्या डाव्या हाताकडं जाई. तो उजव्या हातानं मारी. कारखाना हरला. शिल्ड लातूरला गेलं. लोक पांगले आणि मी फळा पुसून तो बगलेत मारून तिथंच थोडा वेळ बसून राहिलो, कारण घरी जाऊन कुणाला सांगायचं हेच कळेना.

सामन्याची बातमी दोन दिवसांनी पेपरात आली. स्टँडवरून पेपर मी स्वतःच उचलून आणला. माझा राग तोवर उतरला होता आणि त्याच्याखाली जे होतं ते मला सोसवत नव्हतं. दोन दिवस आतून वाचण्याचा आवाज आला नव्हता. चहा येत होता, पण कपबशी पडद्याच्या कडेला जमिनीवर ठेवलेली असे. मी स्टूल ओढलं, बसलो आणि पेपर पडद्याच्या फटीतून आत सरकवला.

"वाचता का?" मी म्हणालो.

तिनं तो घेतला. चष्मा काढल्याचा, पुसल्याचा, घातल्याचा आवाज आला. मग तिनं वाचलं. पहिला गेम कुणी घेतला, दुसरा कुणी, शेवटी काय झालं. संघातली नावं वाचली. बिदरवाल्याचं नाव वाचलं, त्यानं किती सर्व्हिस काढल्या ते वाचलं. एकसारख्या आवाजात, कचेरीतले कारकून मला कागद वाचून दाखवत तसं. हा सामना मी खांबाला लागून बसून पाहिला होता, आणि तिनं वाचलेला शब्द न् शब्द खरा होता. मी तिच्या मुलाच्या नावाची वाट बघत राहिलो. बातमी संपली.

मला राहवलं नाही. मी पडद्याच्या अगदी जवळ वाकलो.

"खाला," मी म्हणालो, "आणि तो? तो कसा खेळला?"

आत पेपराची घडी घालण्याचा आवाज झाला. एक घडी, मग दुसरी.

"कोण, बेटा?" ती म्हणाली.